फोल्डरची यादी दिसत नाही, किंवा नको तिथे दिसते: अपाचे आणि एन्जिनएक्सवर काय तपासावे

लातूरच्या एखाद्या क्लासला सराव प्रश्नपत्रिकांचे फोल्डर विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवायचे असते. पत्ता टाकला की '४०३ फॉरबिडन', म्हणजे 'मनाई आहे', असे येते. दुसरीकडे एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेच्या संकेतस्थळावर कर्जदारांच्या आधारच्या आणि सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती ठेवलेले फोल्डर कुणी न सांगता जगाला उघडे असते. एक जण यादी दिसत नाही म्हणून हैराण, दुसऱ्याला ती दिसते आहे याचाच पत्ता नाही. दोन्हीकडे प्रश्न डिरेक्टरी लिस्टिंगचा, म्हणजे फोल्डरचा पत्ता उघडल्यावर सर्व्हरने आतल्या फाईलींची यादी दाखवावी की नाही, याचा. अपाचे आणि एन्जिनएक्स हे संकेतस्थळाची पाने पुरवणारे दोन सर्व्हर-प्रोग्राम; दोन्हींवर काय पाहायचे ते खाली आहे.

या दुरुस्तीत सर्वाधिक वेळ एकाच सवयीमुळे वाया जातो. ४०३ दिसला की माणूस थेट सेटिंग फिरवायला बसतो. आकडा एकच असला तरी त्यामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात, आणि त्यातले नेमके कोणते हे सर्व्हरने एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) स्वच्छ लिहून ठेवलेले असते. लॉग वाचण्याआधी कॉन्फिगला, म्हणजे सेटिंगच्या फाईलींना, हात लावू नका.

खाली कमांड आणि फाईलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाकताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची. अपाचेच्या सेटिंगच्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, लिनक्सच्या पाथमध्ये मात्र पडतो. उदाहरणासाठी बाजार समितीच्या रोजच्या भावपत्रकांचे फोल्डर धरले आहे: सर्व्हरवरचा पाथ /एसआरव्ही/भाव, आणि संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे /भाव/.

सर्व्हर ठरवतो कसे

फोल्डरचा पत्ता आला की सर्व्हर आधी शेवटी तिरकी रेघ आहे का ते पाहतो. नसेल तर ३०१, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' असे उत्तर, देऊन रेघ असलेल्या पत्त्यावर पाठवतो. मग आत इंडेक्स फाईल आहे का ते पाहतो: इंडेक्स डॉट एचटीएमएल, इंडेक्स डॉट पीएचपी वगैरे. सापडली तर तीच दाखवतो आणि विषय तिथेच संपतो. सापडली नाही तरच यादीचा प्रश्न येतो. परवानगी असेल तर यादी, नसेल तर ४०३.

म्हणून यादीऐवजी कोरे पांढरे पान आले, तर ते सेटिंगचे काम नव्हे. आत शून्य बाइटची इंडेक्स फाईल पडलेली असते. वर्डप्रेस आपल्या काही फोल्डरांत अशी जवळजवळ रिकामी इंडेक्स डॉट पीएचपी मुद्दाम ठेवते. 'एलएस -एलए' करून पाहा, फाईल दिसेलच.

तपासणी ब्राउझरवर करू नका. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो आणि तुम्ही दुरुस्ती केल्यावरही जुन्याच पत्त्यावर नेत राहतो. टर्मिनलमधून 'कर्ल -आय' ही सर्व्हरचे उत्तर दाखवणारी कमांड पूर्ण पत्त्यासह द्या, आय मोठा. एकदा शेवटच्या रेघेशिवाय, एकदा रेघेसह. पहिल्याला ३०१ आणि दुसऱ्याला २०० (मिळाले) आला तर सर्व ठीक आहे. दुसऱ्याला ४०३ किंवा ४०४ (सापडले नाही) आला तर लॉगकडे वळा.

लॉग काय सांगतो

उबंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर अपाचेचा लॉग /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग इथे असतो, रॉकी, अल्मा आणि रेड हॅटवर /व्हार/लॉग/एचटीटीपीडी/एरर_लॉग इथे, एन्जिनएक्सचा /व्हार/लॉग/एन्जिनएक्स/एरर.लॉग इथे. एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असतील तर व्हर्च्युअल होस्टमध्ये (एकेका संकेतस्थळाच्या वेगळ्या कॉन्फिगमध्ये) लॉगची जागा वेगळी दिलेली असू शकते. ती आधी पाहा, नाहीतर चुकीच्या लॉगमध्ये तासभर शोधत बसाल. एका खिडकीत लॉगच्या नव्या ओळी दाखवत राहणारी 'टेल -एफ' लावा, दुसऱ्या खिडकीतून कर्ल चालवा, आणि त्याच क्षणी उमटलेली ओळ वाचा.

अपाचे २.४ च्या ओळींत 'एएच'ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले पाच ओळखीचे झाले की बहुतेक काम होते.

एएच०१२७६: इंडेक्स फाईल नाही आणि 'ऑप्शन्स' या सेटिंगमध्ये यादीला मनाई आहे. खरोखर लिस्टिंगच्या सेटिंगचा दोष असतो तो हा एकच.

एएच०१२७५: यादीची परवानगी आहे, पण सर्व्हरला फोल्डर उघडता येत नाही. फोल्डरवर वाचण्याचा हक्क नाही.

एएच०००३५: पाथमधल्या कुठल्यातरी वरच्या फोल्डरमधून पुढे जाण्याचा हक्क नाही.

एएच०१६३०: सर्व्हरच्या कॉन्फिगनेच पान मागणाऱ्याला नाकारले आहे. या फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहिलेले नाही.

एएच००१२९: फोल्डर देण्याचा प्रयत्न झाला, पण यादी तयार करणारे ऑटोइंडेक्स मॉड्यूलच चालू नाही. इथे ब्राउझरला ४०३ नव्हे, ४०४ मिळतो, आणि माणूस पाथ चुकला समजून भलतीकडे शोधत जातो.

एन्जिनएक्समध्ये क्रमांक नसतात, वाक्ये असतात. 'डिरेक्टरी इंडेक्स ऑफ … इज फॉरबिडन' असे असेल तर ऑटोइंडेक्स बंद आहे. 'ओपनडिर … फेल्ड' आणि पुढे १३ आकडा असेल तर फोल्डर वाचण्याचा हक्क नाही. इंडेक्स फाईलचे नाव घेऊन 'इज फॉरबिडन' आणि १३ असेल तर अडथळा त्या फोल्डरात शिरण्याचाच आहे: त्याच्यावर किंवा वरच्या एखाद्या फोल्डरवर ओलांडण्याचा हक्क नाही.

अपाचेमध्ये यादी चालू करणे

मुख्य कॉन्फिगमध्ये, किंवा त्या संकेतस्थळाच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये, एवढे पुरते (एलियस म्हणजे पत्ता डिस्कवरच्या पाथला जोडणे):

एलियस /भाव /एसआरव्ही/भाव
<डिरेक्टरी /एसआरव्ही/भाव>
ऑप्शन्स +इंडेक्सेस
रिक्वायर ऑल ग्रँटेड
</डिरेक्टरी>

डिरेक्टरीच्या कंसात डिस्कवरचा पाथ येतो, संकेतस्थळाचा पत्ता नव्हे. ही चूक फार होते, आणि अपाचे त्यावर तक्रारही करत नाही. ती ओळ नुसती निकामी पडून राहते.

अधिक चिन्ह विसरू नका. चिन्ह न लावता 'ऑप्शन्स इंडेक्सेस' लिहिले तर वरून वारशाने आलेले सर्व ऑप्शन्स पुसले जातात आणि फक्त इंडेक्सेस उरतो. फॉलोसिमलिंक्स (शॉर्टकटसारख्या दुव्यांमागे जाण्याची मुभा) गेला की रिराइटचे (पत्ता बदलण्याचे) नियमही नाकारले जातात, लॉगमध्ये एएच००६७० येतो, आणि कालपर्यंत चालणारे संकेतस्थळ ४०३ देऊ लागते. एकाच ओळीत काही शब्दांना चिन्ह आणि काहींना नाही, असे मिश्रण अपाचे २.४ स्वीकारतच नाही. ते मुख्य कॉन्फिगमध्ये असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर आधी 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट' करा, आणि 'सिंटॅक्स ओके' आले तरच रिलोड.

सेटिंग फोल्डरच्या आतच ठेवायच्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये टाकले आणि काहीच बदलले नाही, तर ती फाईल वाचली जाते का ते पाहा. सोपी युक्ती: तिच्या पहिल्या ओळीत एखादा निरर्थक शब्द लिहा आणि पान उघडा. ५०० (सर्व्हरची आतली चूक) आला तर फाईल वाचली जाते. काहीच झाले नाही तर अपाचे तिच्याकडे पाहतसुद्धा नाही, कारण 'अलाऊओव्हरराइड नन' आहे. अपाचे २.४ मध्ये मूळ मूल्य हेच आहे. मुख्य कॉन्फिगमध्ये त्या फोल्डरसाठी 'अलाऊओव्हरराइड ऑप्शन्स=इंडेक्सेस' द्या; 'ऑल' देण्याची गरज नाही. 'ऑल' दिले की फोल्डरमध्ये फाईल टाकू शकणारा कोणीही सर्व्हरचे वर्तन बदलू शकतो. तपासून झाल्यावर तो निरर्थक शब्द काढायचे लक्षात ठेवा.

रॉकी, अल्मा आणि रेड हॅटवर एक खास अडचण आहे. उपफोल्डरची यादी दिसते, पण संकेतस्थळाच्या मुळाशी मात्र यादी न येता स्वागताचे पान येते. कारण 'वेलकम.कॉन्फ' ही वेगळी फाईल फक्त मुळापुरते इंडेक्सेस बंद करते. ती फाईल पुसू नका. पॅकेज अपडेट झाले की ती पुन्हा येते. तिच्यातल्या ओळींपुढे हॅश चिन्ह लावा.

परवानग्या: खरा गुंता इथे आहे

फोल्डरच्या बाबतीत वाचण्याचा हक्क आणि ओलांडण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओलांडण्याचा हक्क असेल तर नाव माहीत असलेली फाईल उघडते. वाचण्याचा हक्क असेल तरच आतली नावे कळतात. ७११ परवानगीच्या (मालकाला सर्व हक्क, इतरांना फक्त ओलांडण्याचा) फोल्डरमध्ये फाईलचा थेट पत्ता चालतो, यादी मात्र मिळत नाही, आणि लॉगमध्ये एएच०१२७५ येतो. यादी हवी असेल तर फोल्डर ७५५ (इतरांना वाचणे आणि ओलांडणे) आणि फाईली ६४४ (इतरांना फक्त वाचणे).

पाथमधला प्रत्येक टप्पा एकदम दाखवणारी कमांड म्हणजे 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ. मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानग्या ओळीने दिसतात. अडकलेला टप्पा लगेच सापडतो. मग सर्व्हरच्याच ओळखीने खात्री करा: उबंटूवर 'सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एलएस /एसआरव्ही/भाव'. स्वतःच्या किंवा रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) लॉगिनने एलएस चालले म्हणून सर्व्हरलाही दिसते असे धरू नका.

उबंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर ७५० परवानगीने (बाहेरच्यांना काहीच हक्क नाही) तयार होते. त्याआधी ते ७५५ असे. म्हणून जुन्या मशीनवर होममध्ये ठेवलेले फोल्डर नीट दिसायचे आणि नव्या मशीनवर तीच मांडणी एएच०००३५ देते. होम उघडे करण्यापेक्षा सामग्री /एसआरव्हीमध्ये हलवा. तोच योग्य मार्ग आहे.

'सीएचमॉड -आर ७७७' कधीच करू नका. त्याने अडचण सुटली तरी सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रामला तुमच्या फाईली बदलता येतात. आतल्या सगळ्याला एकदम हक्क द्यायचा असेल तर 'सीएचमॉड -आर ए+आरएक्स' वापरा, पहिला आर मोठा, दुसरा लहान, आणि शेवटचा एक्स मोठा. मोठा एक्स फोल्डरांना ओलांडण्याचा हक्क देतो, साध्या फाईलींना चालवण्याचा हक्क देत नाही.

रेड हॅट वंशाच्या सर्व्हरवर सगळ्या परवानग्या बरोबर असूनही ४०३ येत असेल तर एसईलिनक्सकडे, म्हणजे फाईलीवरच्या शिक्क्यावरून प्रवेश ठरवणाऱ्या जादा सुरक्षेकडे, पाहा. होममधली फाईल 'एमव्ही'ने हलवली की ती जुना शिक्का घेऊनच येते; 'सीपी'ने नक्कल केली तर नव्या जागेचा शिक्का लागतो. 'एलएस -झेड' मोठ्या झेडसह करून पाहा, वेब सामग्रीचा शिक्का 'एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी' असायला हवा. /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या आत असेल तर जागेप्रमाणे शिक्का पुन्हा लावणारी 'रिस्टोरकॉन -आरव्ही' पुरे, आर मोठा. आमच्या उदाहरणातल्या /एसआरव्ही/भावसारख्या वेगळ्या जागेसाठी आधी 'सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने नियम लिहावा लागतो, मग रिस्टोरकॉन. एसईलिनक्स कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे.

वीज गेली, आली, आणि यादी रिकामी

मराठवाड्यातल्या बऱ्याच संस्थांत सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक संगणक आणि त्याला जोडलेली यूएसबी हार्ड डिस्क. वीज जाऊन इन्व्हर्टर उतरला की मशीन बंद पडते, आणि परत सुरू झाल्यावर २०० येतो, यादीही येते, पण तिच्यात 'पॅरेंट डिरेक्टरी'शिवाय काहीच नसते. फाईली उडाल्या समजून लोक घाबरतात. बहुतेक वेळा डिस्क जोडलीच गेलेली नसते. सर्व्हर दाखवतो आहे ते खालचे रिकामे फोल्डर. 'फाइंडएमएनटी /एसआरव्ही/भाव' करा. उत्तर कोरे आले तर डिस्क माउंट झालेली, म्हणजे त्या फोल्डरला जोडली गेलेली, नाही. या अवस्थेत नव्या फाईली त्या फोल्डरमध्ये अजिबात टाकू नका. डिस्क जोडली की त्या झाकल्या जातील आणि हरवल्यासारख्या वाटतील.

कायमचा उपाय एफस्टॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाईलमध्ये. डिस्कची ओळख 'एसडीबी१'सारख्या नावाने देऊ नका, ते नाव प्रत्येक वेळी बदलू शकते. 'बीएलकेआयडी'ने मिळणारा यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळखक्रमांक) लिहा आणि सोबत 'नोफेल' द्या, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होईल. डिस्क डेस्कटॉपवर आपोआप उघडून /मीडियाखाली ठेवली असेल तर ते फोल्डर फक्त त्या लॉगिनच्या माणसाला मोकळे असते, सर्व्हरला एएच०००३५ मिळणारच. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर सीएचमॉडचा उपयोग होत नाही. हक्क माउंट करतानाच्या 'यूआयडी', 'जीआयडी' आणि 'यूमास्क'ने ठरतात.

एन्जिनएक्स

इथे एकच शब्द: 'ऑटोइंडेक्स ऑन;'. तो सर्व्हर ब्लॉकमध्ये टाकला तर सर्व फोल्डरांना लागतो, म्हणून नेमक्या लोकेशनमध्येच (एका पत्त्यापुरत्या भागात) ठेवा:

लोकेशन /भाव/ {
एलियस /एसआरव्ही/भाव/;
ऑटोइंडेक्स ऑन;
ऑटोइंडेक्स_लोकलटाइम ऑन;
चारसेट यूटीएफ-८;
}

लोकेशन आणि एलियस दोन्हींच्या शेवटी तिरकी रेघ हवी. लोकेशनला रेघ नाही आणि एलियसला आहे, अशी जोडी धोकादायक आहे: पत्त्यात '/भाव../' असे लिहून एक पायरी वर चढता येते आणि /एसआरव्हीमधले बाकीचे सर्व वाचता येते. यादी चालू असेल तर ते दिसतेसुद्धा. लोकलटाइम दिले नाही तर वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसते. सकाळी नऊला चढवलेले भावपत्रक साडेतीनचे वाटते.

४०३ऐवजी ४०४ येत असेल तर 'ट्राय_फाइल्स'ची (काय कोणत्या क्रमाने शोधायचे ते सांगणारी) ओळ पाहा. तिच्यात डॉलर यूआरआयनंतर तिरकी रेघ असलेला दुसरा तुकडा नसेल तर एन्जिनएक्स फोल्डरचा विचारच करत नाही. बदलानंतर 'एन्जिनएक्स -टी', मग रिलोड. कोणते कॉन्फिग प्रत्यक्ष लागू आहे ते सगळे एकत्र पाहायचे तर तीच कमांड मोठ्या टीने.

मराठी नावे तुटतात तेव्हा

युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. 'सोयाबीन' या शब्दात सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. अपाचेच्या यादीत नावाचा रकाना मुळात २३ बाइटचा असतो. पुढे बिंदू आणि पीडीएफ जोडले की नाव २५ बाइटचे होते, अपाचे ते विसाव्या बाइटला छाटतो, आणि शेवटचा 'न' मधोमध कापला जाऊन प्रश्नचिन्हाची चौकट दिसते. शिवाय लिनक्सवर यादीच्या पानाचे मूळ चारसेट (अक्षरे वाचण्याची सांकेतिक पद्धत) आयएसओ-८८५९-१ असल्याने उरलेली अक्षरेही विचित्र दिसतात. दोन्हींवर एकच ओळ: 'इंडेक्सऑप्शन्स +फॅन्सीइंडेक्सिंग +नेमविड्थ=* +चारसेट=यूटीएफ-८'. उबंटूच्या पॅकेजमध्ये हे आधीच दिलेले असते, इतरत्र स्वतः लिहावे लागते. एन्जिनएक्सवर वरची चारसेटची ओळ पुरते.

फाईलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, एकअंकी महिन्याआधी शून्य लावा. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची आणि फेब्रुवारीची पत्रके एकमेकांत मिसळतात.

यादी बंद करताना

संपूर्ण सर्व्हरवर 'ऑप्शन्स -इंडेक्सेस' ठेवा आणि हव्या त्या एकाच फोल्डरला '+इंडेक्सेस' द्या. उलट मांडणीत एखादे फोल्डर विसरतेच. प्रत्येक फोल्डरात रिकामी इंडेक्स फाईल टाकण्याची जुनी पद्धत त्याच एका फोल्डरपुरती चालते. उद्या नवे उपफोल्डर तयार झाले की ते उघडेच. डिरेक्टरीस्लॅश (शेवटची रेघ आपोआप जोडणारे सेटिंग) बंद करू नका: इंडेक्सेस चालू असताना ते बंद केले तर इंडेक्स फाईल असूनही यादी बाहेर पडू शकते. सीपॅनेलच्या होस्टिंगवर 'इंडेक्सेस' चिन्हात जाऊन फोल्डर निवडून 'नो इंडेक्सिंग' करा. विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवर 'डिरेक्टरी ब्राउझिंग' बंद करा, मग ४०३.१४ आला की काम झाले. झॅम्प या सरावासाठीच्या सर्व्हर-संचाच्या मूळ कॉन्फिगमध्ये यादी चालू असते, म्हणून कॉलेजच्या लॅबमधले झॅम्प जसेच्या तसे इंटरनेटवर आणू नये.

यादी बंद म्हणजे फाईल बंद नव्हे. यादी बंद केल्यावरही ज्याला नाव माहीत आहे, किंवा 'आधार००१'पासून पुढे अंदाज बांधता येतो, त्याला फाईल मिळते. 'इंडेक्सइग्नोर' फक्त यादीतून नाव लपवते. शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये फोल्डरचे नाव लिहिणे म्हणजे त्याची जागा जाहीर करणे. आधार, सातबारा, गुणपत्रिका, डेटाबेसचा बॅकअप, डॉट-गिट (कोडचा इतिहास), डॉट-ईएनव्ही (पासवर्डसारखी गुप्त सेटिंगे) यांतले काहीही वेब फोल्डरच्या आत असता कामा नये. ते बाहेर हलवा आणि लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्राममधूनच द्या. हलवल्यावर त्या एका फाईलच्या जुन्या पत्त्यावर कर्ल करून ४०४ येतो याची खात्री करा.

अशी यादी काही दिवस उघडी होती असे आढळले, तर बंद करण्याच्या आधी अ‍ॅक्सेस लॉगची नक्कल दुसरीकडे काढा. उबंटूवर अपाचे आणि एन्जिनएक्स दोन्हींचे लॉग रोज फिरतात (नवी फाईल सुरू होते) आणि १४ प्रती ठेवून जुने पुसले जातात. उशीर केला तर कोणी काय उतरवले हे कधीच कळणार नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेच्या, निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि माहितीची गळती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे, म्हणून लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटमधला १४ हा आकडा १८० करून घ्या. नकलेत त्या फोल्डरच्या पत्त्याच्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढा: २०० आलेल्या प्रत्येक ओळीत आयपी, वेळ आणि गेलेले बाइट असतात. त्यात गुगलचा बॉट दिसला तर सर्च कन्सोलच्या 'रिमूव्हल्स'मधून पत्ते काढायला सांगा. ती मुदत सुमारे सहा महिन्यांची असते, तेवढ्या काळात तो पत्ता ४०४ किंवा ४१० देत राहिला पाहिजे.